मान वर न करता पाहिलेलं लखनौ

लखनौला जाणार म्हटलं की सल्ले सुरू होतात. कबाब कुठले खायचे, थंडीत गेलात तर चौकातली मख्खन मलई चुकवू नका, चिकनचा कुर्ता घेताना घासाघीस करा. सगळे सल्ले बरोबर आहेत. मला त्यात फक्त एकाची भर घालायची आहे. निघण्याआधी तुमच्या कॅमेऱ्याचा स्क्रीन कुठल्या दिशेला आणि किती वळतो, ते तपासून घ्या.

हसू नका. लखनौची अर्धी श्रीमंती डोक्याच्या वर आहे. छतं, कमानी, झुंबरं. उरलेल्यातली बरीचशी पायाखाली, पायऱ्यांच्या विहिरीत आणि हौदांत. डोळ्यांच्या रेषेत सरळ समोर मिळतो तो मुख्यतः ट्रॅफिक.

हे मला पहिल्या फेरीत कळलं. मागच्या वर्षी फेब्रुवारीत ऑफिसमधल्या मैत्रिणीचं लग्न लखनौला होतं. हळद आणि वरात यांच्यामध्ये अर्धा दिवस मोकळा मिळाला, म्हणून ई-रिक्षा करून बडा इमामबाडा गाठला. नवाब आसफउद्दौलाने १७८४ मध्ये, दुष्काळाच्या काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून ही इमारत बांधायला घेतली. आराखडा किफायतुल्ला या वास्तुविशारदाचा. मधलं दालन सुमारे ५० मीटर लांब, १६ मीटर रुंद आणि छत जवळजवळ १५ मीटर उंचीवर. म्हणजे आपल्याकडची चार-पाच मजल्यांची सोसायटी आत उभी राहील. एवढ्या जागेत एकही खांब नाही, तुळई नाही. लखौरी नावाच्या पातळ चपट्या विटा आणि चुना, बस्स.

अशा छताचा फोटो तुम्ही कसा काढाल? मी फोन डोक्यावर धरला, तर स्क्रीन दिसेना. मान मागे टाकली, तर तोल जायला लागला. शेवटी जे इन्स्टाग्रामवर सगळे करतात तेच करायला गेले आणि जमिनीवर आडवी व्हायला लागले. तिथल्या एका वयस्कर माणसाने लांबूनच हात हलवला. ओरडले नाहीत, जवळ येऊन अगदी हळू म्हणाले, "बेटा, यहाँ लोग मातम के लिए आते हैं।" मग माझ्या लक्षात आलं, की याच दालनात आसफउद्दौलाची कबर आहे आणि मोहरममध्ये इथे ताजिये असतात. चपला बाहेर काढून, डोकं झाकून आपण आत येतो आणि मग फरशीवर लोळतो! कान लाल झाले. तीन तिरके, हललेले फोटो घेऊन परत आले.

डोंबिवलीला आल्यावर आईने ते फोटो पाहिले. तिने विचारलं, "छत संपतं कुठे गं?" फोटोत ते कुठेच नव्हतं.

आता आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर ही सगळी कॅमेऱ्याची खटपट तुम्हाला हौस वाटेल. आईने घरी शिवणकाम केलं, २५ वर्षं, मान खाली घालून. ब्लाउज, परकर, शाळेचे युनिफॉर्म. आता मानेचे मणके झिजलेत. मान मागे टाकली की चक्कर येते, म्हणून डॉक्टरांनी वर बघायचंच नाही असं बजावलंय. आमच्या देवळाचा कळस तिने गेली चार वर्षं पाहिलेला नाही. पंख्याची धूळ पुसायची आहे हे मी सांगेपर्यंत तिला कळत नाही. आणि हीच बाई लहानपणापासून लखनौ-लखनौ करत आली आहे, नवाबांसाठी नाही, तर भातखंड्यांसाठी. लग्नाआधी तिने गाण्याची मध्यमापर्यंतची परीक्षा दिली होती. पंडित विष्णु नारायण भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचा एक भाग अजून आमच्या कपाटात आहे, पानं पिवळी, कोपरे कुरतडलेले. मुंबईच्या या माणसाने वकिली सोडून देशभर फिरून बंदिशी गोळा केल्या आणि १९२६ मध्ये संगीताचं कॉलेज काढलं ते थेट लखनौला. ते कॉलेज तिला बघायचं होतं.

"तू जाऊन ये, मी फोटो बघेन," असं ती दर वेळी म्हणायची. मीच म्हटलं, या वेळी तू चल. छत मी तुला खाली आणून दाखवते.

बोललं तर गेलं. आता कॅमेरा शोधणं आलं.

दुकानात मांडी घालून

मुंबईत सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, नवी-जुनी दोन्ही. तिथे एका दुकानदाराने मला मेगापिक्सेल सांगितले, झूम सांगितला, बॅग आणि कार्ड फुकट देतो म्हणाला. मी म्हटलं, "काका, मी जरा खाली बसू का?" आणि मांडी घालून कॅमेरा मांडीवर ठेवला, लेन्स आढ्याकडे. मग स्क्रीन उघडून वळवला. काही कॅमेऱ्यांत मला दुकानाची ट्यूबलाइट खाली बघून दिसली, काहींत माझे गुडघे. माझी निवड अशी झाली. तुम्हालाही हीच परीक्षा सुचवते. कागदावरची यादी वाचून हे कळत नाही.

वळणाऱ्या स्क्रीनचे साधारण तीन प्रकार मिळतात. पहिला, फक्त वर-खाली झुकणारा. सोनीच्या ए६४०० सारख्या कॅमेऱ्यांत तो असतो. स्क्रीन लेन्सच्या मागेच राहतो, त्यामुळे नेम सरळ लागतो आणि रस्त्यावर पटकन फोटो काढायला हा मला सगळ्यात आवडतो. पण कॅमेरा उभा धरलात की तो बाजूला झुकतो आणि काही कामाचा राहत नाही. कमानी, दरवाजे, मनोरे यांचे फोटो तर उभेच लागतात. दुसरा, बाजूला दारासारखा उघडणारा आणि स्वतःभोवती फिरणारा. कॅननचा आर५०, निकॉनचा झेड३०, सोनीचा झेडव्ही-ई१० हे यातले. आडवं-उभं, वर-खाली, पुढे-मागे, सगळीकडे चालतो. तिसरा, फुजीच्या एक्स-टी५ सारखा, वर-खाली झुकतो आणि शिवाय एका बाजूलाही झुकतो. फोटोग्राफर लोकांचा लाडका, पण पूर्ण उलटा फिरत नाही आणि किंमत ऐकून माझा चेहरा उलटा फिरला.

माझ्या कामाला दुसरा सगळ्यात सोयीचा होता. कारण साधं आहे. लेन्स आकाशाकडे आणि स्क्रीनसुद्धा आकाशाकडे, असं एकाच वेळी करायला स्क्रीन पूर्ण उलटा फिरावा लागतो. मांडीवर ठेवलेला कॅमेरा, आईची मान नेहमीसारखी खाली आणि स्क्रीनमध्ये छत.

ही कल्पना काही नवीन नाही. जुन्या फोटो स्टुडिओतले दोन लेन्सचे यशिका कॅमेरे आठवतात का? तुमच्या आजोबांना विचारा. छातीशी धरायचे आणि वरून, झाकण उघडून आत डोकवायचं. जर्मनीचा रोलायफ्लेक्स १९२९ मध्ये आला तो याच पद्धतीचा. डिजिटलमध्ये १९९५ सालच्या कॅसिओ क्यूव्ही-१० या कॅमेऱ्याची लेन्सच गोल फिरायची आणि मागे स्क्रीन होता. १९९९ चा निकॉन कूलपिक्स ९५० तर मधून दोन तुकडे केल्यासारखा वळायचा. म्हणजे तेव्हाच्या लोकांना मानेची जास्त काळजी होती! मग कॅमेरे सडपातळ झाले आणि मेगापिक्सेलच्या जाहिरातींत बिजागरी मागे पडली. हल्ली स्वतःचा व्हिडिओ काढणाऱ्यांमुळे ती परत आली आहे. व्लॉगरांचे आभार मानायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

मी शेवटी जुना, वापरलेला कॅमेरा घेतला. कंपनी महत्त्वाची नाही. पण जुना घेताना एक करा. स्क्रीन उघडा, फिरवा, मिटा, पुन्हा उघडा, असं दहा वेळा. बिजागरीच्या आतून एक पातळ पट्टी जाते आणि ती झिजली असेल तर ठरावीक कोनात स्क्रीन काळा पडतो किंवा लुकलुकतो. पहिल्या दुकानात मला दाखवलेला कॅमेरा सहाव्या वेळी काळा पडला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, इतना कौन घुमाता है?" मी घुमाते ना.

आधी हातातला फोन बघा

तुम्ही हे फोनवरच वाचत असाल, म्हणून मध्येच थांबून सांगते. यातलं बरंचसं काम फोनवरही होतं. फोनचा सेल्फी कॅमेरा आणि स्क्रीन एकाच बाजूला असतात, म्हणजे फोन तळहातावर उताणा ठेवला की छत खाली दिसलंच. जमिनीलगतचा फोटो हवा असेल तर फोन उलटा धरा, लेन्स खालच्या टोकाला येते आणि कोन एकदम बदलतो. बटण दाबताना फोन हलत असेल तर टायमर लावा. अडचण एकच. सेल्फी कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा असतो आणि इमामबाड्यांच्या आत उजेड कमी. फोटो दाणेदार येतो. नुसतं बघायचं असेल तर फोन पुरेसा आहे. मोठा करून भिंतीवर लावायचा असेल तर कॅमेरा लागेल.

आणि तुमच्या कपाटात न वळणाऱ्या स्क्रीनचा कॅमेरा पडून असेल तर तो लगेच विकू नका. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक कॅमेऱ्यांत वाय-फाय असतं. कंपनीचं ॲप फोनवर टाका. कॅमेरा जमिनीवर, चित्र फोनवर. जोडायला वेळ लागतो, चित्र थोडं मागून येतं आणि बॅटरी भराभर उतरते, पण नवीन खरेदी वाचते.

पुष्पक एक्सप्रेस, कल्याण

कल्याणहून पुष्पक एक्सप्रेस पकडली की दुसऱ्या दिवशी लखनौ. थंडीत उत्तरेत धुकं असतं, त्यामुळे गाडी उशिरा पोचली तर नवल मानू नका. चारबाग स्टेशनची इमारत वरून बुद्धिबळाच्या पटासारखी दिसते म्हणतात, पण तो कोन माझ्या बिजागरीच्या आवाक्याबाहेरचा होता.

पहिल्या दिवशी सकाळी कैसरबाग. वाजिद अली शाहच्या महालांच्या त्या परिसरातच भातखंड्यांचं कॉलेज आहे, आता त्याचं विद्यापीठ झालंय. सुरुवातीला नाव होतं मॅरिस कॉलेज, तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावावरून, आणि पुढे कित्येक वर्षं ते सांभाळलं श्रीकृष्ण रातंजनकरांनी, म्हणजे पुन्हा मुंबईचाच मराठी माणूस. बाहेरच्या पाटीवर "भातखंडे" वाचून आई थोडा वेळ तशीच उभी राहिली. आतून कुणीतरी रियाज करत होतं. तिने डोळे मिटले आणि माझ्या मनगटावर बोटाने ताल धरला. इथे वर बघायची गरजच नव्हती. मी कॅमेरा काढलाही नाही.

संध्याकाळी छोटा इमामबाडा. मोहम्मद अली शाहने १८३८ मध्ये बांधलेला, बाहेर काळ्या-पांढऱ्या रंगातली सुलेखनाची नक्षी, आत झुंबरांची आणि आरशांची गर्दी. दोन्ही इमामबाड्यांत चपला बाहेर आणि डोकं झाकलेलं हवं, ओढणी जवळ ठेवा. ट्रायपॉड नेऊच नका. कॅमेऱ्याचे नियम मात्र तिकीट खिडकीवरच विचारून घ्या. हुसैनाबाद ट्रस्टचे लोक नीट सांगतात.

आई एका कडेला बसली. मी कॅमेरा तिच्या मांडीवर ठेवला, स्क्रीन उघडून वर फिरवला. "दिसतंय?" तर म्हणाली, "तुझ्या कॅमेऱ्यात माझी हनुवटी दिसतेय." खरंच की! लेन्स रुंद कोनाची होती आणि स्क्रीनवर वाकलं की डोकंच मध्ये यायचं. मग कॅमेरा गुडघ्याकडे सरकवला, आई जरा मागे टेकली आणि झुंबर आलं. हिरवं, तांबडं, एकावर एक.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ही अक्षरं उलटी का?"

मला ती लिपी वाचता येत नाही, तिलाही नाही. पण बाहेरच्या भिंतीवरची वळणं तिने शिवणकामवालीच्या नजरेने टिपून ठेवली होती आणि इथे तीच उलट दिशेला वळत होती. आधी मी वादच घातला, मग मेन्यू उघडून बघितला आणि गप्प बसले. स्क्रीन लेन्सच्या दिशेला फिरवला की कॅमेऱ्याला वाटतं तुम्ही सेल्फी घेताय, आणि तो आरशासारखं उलटं चित्र दाखवतो. फोटो सरळच साठवला जातो, फक्त बघताना उलटा. काही कॅमेऱ्यांत हे मेन्यूतून बंद करता येतं. छतावर मजकूर किंवा नक्षी असेल तर घरूनच हे शोधून ठेवा. माझ्यासारखं तिथे बोटं मारत बसू नका.

आणखी एक गोष्ट मला तिथे कळली. शांत जागा म्हणून मी शटर आवाज न करणाऱ्या मोडवर ठेवलं होतं. काही फोटोंवर काळ्या आडव्या पट्ट्या आल्या. हल्लीचे एलईडी दिवे डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकतात आणि बिनआवाजाचं शटर ते पकडतं. साधं शटर लावलं आणि पट्ट्या गेल्या. त्याचा आवाज तसाही कुणाला ऐकू गेला नाही.

पाण्यात बघणारे पहारेकरी

दुसऱ्या दिवशी सकाळी, गर्दीच्या आधी, बडा इमामबाडा. जाताना रूमी दरवाजातून गेलो. सुमारे ६० फूट उंच, तोही १७८४ चाच. खाली उभं राहून फोटो काढला की तो मागे कोसळतोय असं वाटतं. त्याला इलाज म्हणजे लांब जा आणि कॅमेरा सरळ धरा. स्क्रीनवर लेव्हलची रेष दाखवायची सोय असेल तर चालू करा, कारण बाजूला उघडलेल्या स्क्रीनकडे बघताना हात नकळत तिरका होतो. सरळ आकाशाकडे लेन्स केलीत की मात्र ती रेषही गोंधळते. उन्हात आणखी एक गोची झाली, स्क्रीनवर काही दिसेचना. माझ्या कॅमेऱ्याला डोळा लावायची खिडकी नाही. आईने पदराची सावली धरली.

इमामबाड्याच्या आवारात शाही बावली आहे. मशिदीकडे सगळे जातात, इकडे कमी, म्हणून मुद्दाम सांगते. जुनी पायऱ्यांची विहीर आणि तिच्याभोवती कमानींचे मजले. इंग्रजांच्या काळात खजिन्याच्या किल्ल्या घेऊन मुनीमाने यात उडी मारली अशी गोष्ट गाइड रंगवून सांगतात. ती ऐका आणि सोडून द्या. खरी गंमत पुढे आहे. आतल्या कमानींत उभं राहून विहिरीच्या पाण्यात खाली बघितलं की वर प्रवेशदारात कोण आलंय ते दिसतं. येणाऱ्याला मात्र आतले दिसत नाहीत. पहारेकरी म्हणे असेच, पाण्यात बघून पाहुणे ओळखायचे.

आईला काही पायऱ्या उतरता आल्या. गाइड म्हणाला, "अम्मा, नीचे देखिए, ऊपर दिखेगा।" तिने पाण्यात पाहिलं. दारात एक कुटुंब उभं होतं, एका मुलीच्या हातात लाल फुगा. सगळं हलत, उलटं.

"हे तुझ्या कॅमेऱ्यासारखंच की," आई म्हणाली. मग जरा थांबून, "आणि याला चार्जिंग नको."

मी कॅमेरा कठड्याबाहेर धरून, स्क्रीन स्वतःकडे वळवून, पाण्यातला फोटो घेतला. हात बाहेर काढा, धड नाही. आणि पट्टा मनगटाला दोन वेढे घालून. बिजागरी असते ती यासाठीच, की आपण वाकू नये.

मग ते दालन. पुन्हा आत जाताना मला मागच्या वेळचे कान आठवले. आईचं डोकं पदराने झाकलेलं. एका बाजूला ती बसली, कॅमेरा मांडीवर, आणि यावेळी मी मेन्यू आधीच नीट करून ठेवला होता. मांडीचा एक फायदा असा, की कॅमेरा हलत नाही. आत उजेड कमी, ट्रायपॉड नाही, हातात धरला असता तर फोटो हलले असते. इथे शटर सावकाश ठेवूनही फोटो स्वच्छ आले. माझ्याकडच्या स्वस्त कॅमेऱ्यात हादरे सावरायची सोय आतमध्ये नाही, लेन्समध्ये थोडी आहे. आईच्या मांडीने बाकीचं सावरलं.

तिने कॅमेरा हळूहळू सरकवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत छत पाहिलं. ५० मीटर. मध्ये काहीच बोलली नाही. शेवटी म्हणाली, "संपतं ते. तिथे, त्या कमानीपाशी."

भूलभुलैया वरच्या मजल्यांवर आहे. एवढं मोठं छत जड होऊ नये म्हणून त्याच्यावर भरीव बांधकाम न करता पोकळ बोळांचं जाळं रचलं, आणि तेच आपलं भूलभुलैया. एकसारखे दरवाजे, अरुंद बोळ, उंच पायऱ्या. गाइड घ्याच. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी जाऊ नका, आईही गेली नाही. तिथल्या बोळांत दोन माणसं शेजारी मावत नाहीत, मागे सरकायला जागा नसते. तिथे कॅमेरा पोटाशी धरून, स्क्रीन वर करून चालत चालत फोटो घ्या. डोळ्याला लावलात तर कोपर भिंतीला आपटतं. माझं आपटलं. पुढे गच्ची येते आणि सगळं जुनं लखनौ समोर उघडतं. १८५७ चं बंड चिरडल्यावर, १८५८ मध्ये फेलिचे बीटो या इटालियन फोटोग्राफरने या इमामबाड्यावरूनच शहराचा पॅनोरमा टिपला होता, काचेच्या प्लेटा आणि जड लाकडी कॅमेरा वर चढवून. पुढे १८७४ मध्ये दरोगा अब्बास अली या लखनौच्याच माणसाने शहराच्या ५० फोटोंचा अल्बम छापला. मी माझ्या इवल्याशा कॅमेऱ्याबद्दल कुरकुर बंद केली.

गच्चीवरून उतरताना बोळ त्या मोठ्या दालनाच्या वरच्या सज्जात उघडतो. गाइडने या टोकाला कागद फाडला आणि दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या लोकांना तो ऐकू आला. मी सज्जाच्या कठड्यावरून कॅमेरा पुढे धरला, स्क्रीन खाली झुकवला, आई शोधायला. एवढ्या मोठ्या फरशीवर एक छोटा निळा ठिपका. निळी साडी, डोकं खाली. मला वाटलं कंटाळून पेंगतेय. मी हात हलवला, पण तिला कसं कळणार? ती वर बघूच शकत नाही. ओरडायची ती जागा नाही.

मी लेन्स थोडी झूम केली. तिच्या तळहातावर माझा फोन होता, मीच तिच्याकडे सांभाळायला दिलेला. उताणा, सेल्फी कॅमेरा चालू. तिने तो इकडेतिकडे सरकवला, मग एका जागी थांबवला आणि फोनकडे बघून हात हलवला. फोनकडे बघून, मला.

मी पुन्हा हलवला. तिनेही.

खाली आल्यावर तिने मला काही दाखवलं नाही, चौकात जाऊन मख्खन मलई खाऊ म्हणाली. चिकनच्या दुकानात तिने प्रत्येक कुर्ता उलटा करून मागची बाजू बघितली. बखिया नावाचा टाका मागून घालतात, पुढून फक्त सावली दिसते, हे दुकानदार सांगायच्या आधीच तिला समजलं होतं. भाव तिनेच ठरवला, मी गप्प.

परतीच्या गाडीत मी कॅमेऱ्यातले छताचे फोटो निवडत होते. चार खरंच चांगले आलेत, एक मोठा करून घेणार आहे. आई तिच्या फोनवर काहीतरी करत होती. घरी पोचल्यावर मावशीचा मेसेज मला आला, "हा कसला फोटो पाठवलाय तुझ्या आईने?" फोटो माझ्याच फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातला होता. दाणेदार, अर्ध्यात आईचा अंगठा, बाकी सगळं अंधारलेलं छत आणि सज्जाची एक पुसट रेघ.

खाली आईने लिहिलं होतं, "वर डावीकडे नीट बघ. ती आहे."